पॉमेरेनियनची पैदास आणि डॉग शो: नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोच्या मैदानावर भेटणारे, पिल्लू बघायला घरी येणारे आणि रात्री अकराला "आमची कुत्री कळा देतेय, काय करू?" असा फोन करणारे, या सगळ्यांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. औषधांची मात्रा मुद्दाम दिलेली नाही. दोन-अडीच किलोच्या जनावराला ती डॉक्टरांनी वजन करूनच द्यायची असते.

1. आमच्याकडे पांढराशुभ्र पामेरियन आहे, वजन आठ किलो. त्याला शोमध्ये नेता येईल का?

पॉमेरेनियन म्हणून नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्या वाड्यांत आणि कॉलन्यांत जो पांढरा, टोकदार तोंडाचा, बेल वाजली की घर डोक्यावर घेणारा 'पामेरियन' असायचा, तो बहुतेक ठिकाणी इंडियन स्पिट्झ होता. दोघांचं कूळ एकच, जर्मन स्पिट्झचं. पण इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला स्पिट्झ अंगाने मोठा, तोंडाने लांबट आणि उन्हाला बराच काटक झाला. केनेल क्लब ऑफ इंडिया (पुढे फक्त केसीआय) त्याला स्वतंत्र जात मानतो. तुमचा कुत्रा त्यामुळे कमी प्रतीचा ठरत नाही, त्याची जात वेगळी आहे एवढंच.

एक विनंती मात्र हात जोडून: या दोघांची जोडी लावू नका. छोट्या पॉम मादीला स्पिट्झ नर लागला तर पिल्लं तिच्या कमरेतून बाहेर येणार नाहीत.

2. मग खरा पॉमेरेनियन नेमका केवढा असतो?

हे कोणाचं मानक बघता त्यावर आहे. एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकात पॉमेरेनियन हा जर्मन स्पिट्झचा सर्वांत छोटा प्रकार आहे आणि त्याची उंची खांद्यापाशी 18 ते 24 सेंटीमीटर धरली आहे. ब्रिटिश मानक वजन सांगतं: नर 1.8 ते 2 किलो, मादी 2 ते 2.5 किलो. अमेरिकन मानकात 3 ते 7 पौंड, म्हणजे साधारण 1.4 ते 3.2 किलो.

ब्रिटिश मानकात मादीचं वजन नरापेक्षा जास्त आहे, हे लक्षात घ्या. पिल्लं तिच्या पोटात वाढायची असतात.

हा कुत्रा मुळात इतका छोटा नव्हता. बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया प्रांतावरून नाव पडलं, तेव्हाचे कुत्रे चांगले थोराड होते. राणी व्हिक्टोरियाने 1888 साली फ्लॉरेन्सहून आणलेला मार्को सुमारे साडेपाच किलोचा होता. तिने 1891 च्या क्रफ्ट्स या इंग्लंडमधल्या डॉग शोमध्ये आपले पॉम उतरवले, आणि तेव्हापासून लहान आकाराची हौस वाढत गेली. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाने हा कुत्रा निम्म्याहून लहान केला. पुढे विण्याबद्दल जे लिहिलंय त्याचं मूळ इथे आहे.

3. 'टीकप पॉम' मिळतोय, किंमतही जास्त सांगतात. पैदाशीला घेऊ का?

नाही. 'टीकप' नावाची जात कुठल्याही केनेल क्लबकडे नाही. तो विकणाऱ्यांचा शब्द आहे. काही वेळा ते पिल्लू सहा आठवड्यांचं असतं आणि वय दहा सांगितलेलं असतं. काही वेळा ते वेतातलं मागे पडलेलं असतं: टाळू भरलेली नाही, साखर पडते, हाडं काडीसारखी. दीड किलोची मादी गाभण राहू देणं म्हणजे तिचा जीव पणाला लावणं आहे. मी 2.2 किलोच्या खालची मादी पैदाशीला वापरत नाही.

4. सुरुवात कशाने करावी, शोने की पिल्लांनी? आणि नर घ्यावा की मादी?

आधी शो, आणि त्याच्याही आधी एक-दोन शो नुसते प्रेक्षक म्हणून. रिंगच्या कडेला उभं राहून एकाच दिवसात पंधरा पॉम पाहिले की फोटोंनी बिघडलेली नजर सुधारायला लागते. आपल्याकडे शोचा मोसम थंडीचा, साधारण ऑक्टोबर ते मार्च. पुण्यात पूना केनेल कॉन्फेडरेशन ही केसीआयशी जोडलेली जुनी संस्था आहे. अशा संस्थांच्या शोमध्ये जा, पॉमवाल्यांशी बोला, पण त्यांचा नंबर लागून गेल्यावर. रिंगमध्ये जायच्या पाच मिनिटं आधी कोणालाच गप्पा नको असतात.

पहिला कुत्रा शोसाठी घ्यायचा असेल तर नर सोपा. मादी माजावर आली किंवा पिल्लं झाल्यावर तिचे केस गळले, की महिनोन्‌महिने ती रिंगबाहेर. नराची तयारी वर्षभर टिकते. पैदाशीचा विचार पक्का असेल तर मात्र सगळा पैसा एका उत्तम मादीवर लावा. नर बाहेरून मिळतो. घराण्याची प्रत मादीवर ठरते, आणि ती घरातच असावी लागते.

5. ब्रीडर 'शो क्वालिटी, गॅरंटी' म्हणतोय. आठ आठवड्यांच्या पिल्लात हे कळतं का?

गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. आठ आठवड्यांला अंगाची ठेवण, शेपटीचा बसका, डोळ्यांतला धीटपणा दिसतो. दात पुढे कसे येतील, नराचे दोन्ही वृषण उतरतील का, उंची कुठे थांबेल, हे तेव्हा दिसत नाही. शक्य असेल तर पाच-सहा महिन्यांचं पिल्लू घ्या.

त्या वयात ते भयंकर दिसेल. चार ते सहा महिन्यांच्या सुमाराला पॉमचे बाळकेस झडतात, तोंड माकडासारखं होतं, अंगावर ठिकठिकाणी विरळ दिसतं. लोक घाबरून डॉक्टरांकडे धावतात. हे स्वाभाविक आहे, नवे केस येतात. (आलेच नाहीत तर प्रश्न 15 पाहा.)

पिल्लापेक्षा त्याच्या आईला भेटण्याचा आग्रह धरा. आई दाखवायला टाळाटाळ होत असेल तर चहा न घेता निघा.

6. कागदपत्रं काय लागतात?

दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात, म्हणून सुट्या सांगते.

एक, केसीआयची नोंद. आई आणि वडील दोघेही केसीआयकडे नोंदलेले असतील तर पिल्लांची नोंद होते आणि प्रत्येकाला वंशावळ मिळते. मायक्रोचिप आवश्यक आहे. मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसते, तिच्यावर 15 अंकी क्रमांक असतो, आणि शोच्या दिवशी तो वाचून पाहतात. "पेपर नंतर कुरिअर करतो" हे वाक्य ऐकलंत तर पेपर नाहीत असं समजा.

दोन, सरकारी कायदा. 2017 च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार पैदास करून पिल्लं विकणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. दीड वर्षाखालच्या मादीकडून पिल्लं घेता येत नाहीत, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि दप्तर ठेवावं लागतं. केसीआयचा कागद म्हणजे हा परवाना नव्हे. "घरात एकच कुत्री आहे, आम्ही थोडेच ब्रीडर" असं म्हणत राहू नका. विक्री केली की प्रश्न उभा राहतो.

परदेशातून पॉम आणायचा विचार असेल तर आधी नियम वाचा. 2016 पासून व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर केंद्राचे कडक निर्बंध आले.

7. पहिल्या शोमध्ये नेमकं काय होतं? फार भीती वाटते.

वयाप्रमाणे वर्ग असतात. लहान पिल्लांचे, ज्युनियर, इंटरमीजिएट, भारतात जन्मलेल्यांचा, ओपन आणि चॅम्पियन. तुमच्या वर्गाचं नाव पुकारलं की दंडावर क्रमांक लावून रिंगमध्ये जायचं. सगळे मिळून एक-दोन फेऱ्या. मग एकेकाला टेबलावर उभं करायचं. छोट्या जातींची तपासणी टेबलावरच होते. परीक्षक दात पाहतात, केसांखाली हात घालून हाडं, बरगड्या, गुडघे चाचपतात, नराचे वृषण तपासतात. नंतर कुत्र्याला सरळ रेषेत नेऊन परत आणायचं, किंवा त्रिकोणात चालवायचं. वर्गातून जातीत, जातीतून गटात, गटातून 'बेस्ट इन शो'पर्यंत अशी ती चढण आहे. वेगवेगळ्या परीक्षकांकडून चॅलेंज सर्टिफिकेट, म्हणजे सीसी, जमा होत गेली की कुत्रा चॅम्पियन होतो.

घरच्या सरावात सगळ्यात जास्त वेळ टेबलाला द्या. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पिल्लाचे दात बघायला सांगा. आमच्या शेजारच्या आजोबांनी आमच्या तीन पिढ्यांचे दात मोजलेत. दुसरी गोष्ट, पट्टा ताणून पुढचे पाय अधांतरी नाचवत कुत्रा चालवू नका. पॉमची श्वासनलिका नाजूक असते, आणि चांगल्या परीक्षकाला अशी चाल आवडतही नाही. खिशात उकडलेल्या कलेजीचे बारीक तुकडे ठेवा. मान आपोआप वर राहते.

8. केसांचं काय करायचं? उन्हाळ्यात झिरो मशीन मारलं तर चालेल का?

कधीच नाही. पॉमला दोन थर असतात: आत दाट लोकर, वर ताठ लांब केस. मुळापासून भादरलं तर वरचा थर परत येईलच असं नाही. कधी नुसती लोकर येते, कधी चकंदळं राहतात. शिवाय ऊन थेट कातडीला लागतं.

कोरडे केस विंचरू नका, तुटतात. पाण्याचा हलका फवारा मारा, केसांचा एक एक भांग पाडत मुळापासून ब्रश करा, शेवटी कंगवा फिरवा. कानामागे आणि काखेत जटा आधी होतात. शोच्या आदल्या दिवशी आंघोळ, आणि ड्रायरने उलट दिशेने पूर्ण वाळवणं. पंजे, कानांची टोकं आणि मागची बाजू कात्रीने गोलसर करतात. अख्खा कुत्रा टेडी बेअरसारखा कापला तर घरी गोड दिसेल, रिंगमध्ये नंबर जाईल.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात केस आतून ओले राहून बुरशी होते, तिथे वाळवणं हेच खरं काम. विदर्भात मे महिन्यात एसी किंवा निदान कूलरशिवाय पॉम ठेवू नये. आणि गोचीड सगळीकडेच. इतक्या दाट केसांत ती दिसत नाही, ताप आल्यावरच कळतं. रोज बोटांनी चाचपा.

9. जोडी लावण्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

गुडघे सर्वांत आधी. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकणं हा पॉमचा घरोघरचा दोष आहे. डॉक्टर हाताने तपासून 1 ते 4 अशी श्रेणी देतात. चालता चालता एक पाय उचलून दोन उड्या मारणं आणि पुन्हा नीट चालणं, याला लोक 'लाडात येणं' म्हणतात. ते लाड नसतात. मग हृदय, डोळे, दात, आणि हंसासारखा खोकला येतो का ते. रक्ताच्या तपासणीत गोचीडतापाचे जंतूही पाहून घ्या. तोच अहवाल समोरच्या नराचाही मागा. "चॅम्पियन आहे" हे गुडघ्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

10. मादी माजावर आली. कितव्या दिवशी न्यायचं?

"अकरावा आणि तेरावा" हे पाठ झालेलं उत्तर अर्ध्या वेळा चुकतं. रक्त दिसायला लागल्यापासून साधारण नऊ दिवस ती नराला जवळ येऊ देत नाही, पुढचे साधारण नऊ दिवस येऊ देते, पण काही माद्या सातव्या दिवशी तयार होतात, काही विसाव्या. पॉम स्वतःला चाटून इतक्या स्वच्छ ठेवतात की पहिला दिवसच चुकतो. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची रक्ततपासणी करा. बीज बाहेर पडताना ते मिलीलिटरला साधारण 5 नॅनोग्रॅमच्या आसपास असतं, आणि बीज पिकायला आणखी दोन दिवस लागतात. म्हणून त्यानंतरचा दुसरा-तिसरा दिवस उत्तम. याचा मोठा फायदा पुढे होतो: बीज सुटल्यापासून 63 दिवसांनी ती विणार हे पक्कं सांगता येतं. सिझेरियनची वेळ आली तर ही तारीख सोन्याची.

पहिल्या माजाला नाही, लागोपाठच्या दोन माजांना नाही.

11. विण्याची वेळ आली हे कसं कळतं, आणि डॉक्टरांना कधी उठवायचं?

पॉमना बहुधा एक ते तीन पिल्लं होतात. पिल्लं कमी तर प्रत्येक पिल्लू मोठं, आणि कमर तर एवढीशी. एकच पिल्लू असेल तर धोका सर्वांत जास्त, कारण कळा सुरू करणारा इशाराच कमी पडतो आणि पिल्लू आत वाढत राहतं. म्हणून 28 व्या दिवसाच्या सुमाराला सोनोग्राफी, आणि 55 व्या दिवसानंतर एक एक्स-रे. किती डोकी आहेत आणि ती कमरेतून निघतील का, हे आधीच माहीत हवं.

शेवटच्या आठवड्यात दिवसातून तीनदा ताप मोजा. नेहमी 38 अंश सेल्सिअसच्या वर असणारा पारा 37.2 अंशांच्या खाली गेला की साधारण 24 तासांत ती विणार. ती खाणं सोडते, धापा टाकते, अंथरूण उकरते.

आता हे नीट वाचा, छापून भिंतीला लावा. जोराच्या कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही; एक पिल्लू झालं, आत आणखी आहे, आणि दोन तास काही नाही; पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट-काळं पाणी गेलं; पारा उतरून 24 तास झाले आणि कळाच नाहीत: यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी दवाखाना. ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा वाढवणारं, इंजेक्शन घरी कोणाकडून टोचून घेऊ नका. पिल्लू अडलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं.

माझी पहिली मादी शेवंती. मी तारीख मोजली नव्हती, एक्स-रे काढला नव्हता, जुन्या जाणत्यांनी "निसर्ग करतो सगळं" असं सांगितलं होतं. रात्री दोनला हिरवं पाणी गेलं. दोन दवाखाने बंद, तिसऱ्या ठिकाणी भूल देणारे डॉक्टर पहाटे पोचले. शेवंती वाचली. एकुलतं पिल्लू 190 ग्रॅमचं होतं, आणि ते गेलं. तेव्हापासून विण्याच्या तारखेच्या आधी मी रात्रभर उघडा असणारा, भूल आणि शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना ठरवते, तिथे प्रत्यक्ष जाऊन येते, आणि गाडीत टाकी भरून ठेवते.

12. गाभण आहे म्हणून कॅल्शियम सुरू केलं तर चांगलंच ना?

उलट. गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायचं विसरतं. मग पिल्लं दूध ओढायला लागली की रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं. मादी थरथरते, धापा टाकते, पाय ताठ होतात, ताप चढतो, झटके येतात. विल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत हे होतं, आणि लहान जातींत जास्त. पिल्लं आईपासून बाजूला घ्या आणि निघा. शिरेतून कॅल्शियम मिळालं तर ती तासाभरात सावरते. गाभणपणी पिल्लांचं चांगल्या प्रतीचं खाद्य शेवटचे तीन-चार आठवडे पुरेसं असतं.

13. पिल्लू थंड पडलंय, दूध ओढत नाही. ड्रॉपरने पाजू का?

आधी ऊब, मग दूध. थंड पिल्लाचं आतडं चालत नाही. पाजलेलं दूध पोटात कुजतं किंवा फुप्फुसात जातं. छातीशी, कपड्याच्या आत धरून हळूहळू गरम करा. पहिल्या आठवड्यात पेटीत 29 ते 32 अंश तापमान हवं, आणि नको झालं तर सरकायला एक गार कोपराही.

पहिल्या दिवसाचा चीक मिळालाच पाहिजे. रोज ठरावीक वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहा. पहिल्या दिवशी किंचित उतरलं तर चालतं, नंतर रोज वाढायला हवं. पिल्लू रडायच्या आधी काटा सांगतो.

दूध सुटल्यावर भीती साखरेची. दोन-तीन महिन्यांचं पॉम पिल्लू पाच-सहा तास उपाशी राहिलं तरी डुलायला लागतं. हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळा आणि दवाखाना गाठा. नव्या घरी पिल्लू देताना हे कागदावर लिहून द्या. पहिल्या रात्री नव्या घरच्यांच्या कौतुकात खाणं राहून जातं.

14. एकच वृषण उतरलंय. शो नाही तर निदान पैदास तरी?

दोन्ही नाही. दोष आनुवंशिक आहे, आणि आत राहिलेल्या वृषणात पुढे गाठ होण्याचा धोका असतो. नसबंदी करून घरात सुखाने ठेवा. सहा महिन्यांपर्यंत वाट पाहायला हरकत नाही.

15. दोन वर्षांच्या नराचे मांड्यांवरचे आणि अंगावरचे केस गेले, कातडी काळी पडली. खाज नाही.

थायरॉइड, बुरशी आणि इतर कारणं तपासून बाद झाली तर याला अ‍ॅलोपेशिया एक्स म्हणतात. पॉममध्ये नेहमी दिसतो, नरांत जास्त. कुत्र्याला त्रास नसतो, पण घराण्यात चालतो. त्याला पैदाशीतून काढा आणि ज्यांच्याकडे त्याची पिल्लं आहेत त्यांना कळवा. हा फोन करणं जड जातं, तरी करा.

16. मर्ल रंगाला मागणी खूप आहे. मर्लला मर्ल लावलं तर जास्त मर्ल येतील ना?

मर्ल म्हणजे फिक्या अंगावर गडद ठिपक्या-ठिगळांचा रंग. येतील, आणि सरासरीने चारांतलं एक पिल्लू दोन्हीकडून मर्ल घेईल. अशी पिल्लं बहिरी, आंधळी किंवा दोन्ही असू शकतात. क्रीम आणि फिक्या केशरी रंगाखाली मर्ल लपून राहतो, तेव्हा शंका असेल तर जनुकीय चाचणी करा. मी हा रंग घरात आणलाच नाही.

17. चुकून सख्ख्या भावाने धरलं. आता?

लगेच डॉक्टरांकडे. सुरुवातीच्या दिवसांत गर्भ थांबवण्याचे सुरक्षित मार्ग असतात, घरगुती उपाय करू नका. पुढे पैदास करायचीच नसेल तर नसबंदीचंही तेव्हाच बोलून घ्या. त्या पिल्लांना 'लाइन ब्रीडिंग', म्हणजे एकाच घराण्यात ठरवून लावलेली जोडी, म्हणून विकणारे भेटतील. आजोबा-नात पातळीवर विचारपूर्वक केलेली जोडी ही अनुभवी माणसाची गोष्ट आहे, दार उघडं राहिल्याची नाही.

18. यात पैसे सुटतात का?

प्रामाणिकपणे करणाऱ्याला क्वचित. एका वेताचा हिशेब मांडा: नराची फी, प्रोजेस्टेरॉनच्या तीन-चार चाचण्या, सोनोग्राफी, एक्स-रे, सिझेरियनची तजवीज, लसी, चिप, नोंदणी. समोर पिल्लं दोन, त्यातलं एक तुम्ही शोसाठी ठेवणार. वर शोचा प्रवास, प्रवेश फी, हँडलर (रिंगमध्ये कुत्रा चालवणारा). नफा दिसतो तो तपासण्या गाळणाऱ्याला आणि दर माजाला मादी गाभण ठेवणाऱ्याला.

19. एक सिझेरियन झालंय. पुन्हा पिल्लं घेऊ का?

का झालं त्यावर आहे. एकच मोठं पिल्लू होतं किंवा आडवं आलं होतं, आणि कमर चांगली आहे, तर किमान एक माज सोडून, डॉक्टरांच्या संमतीने एकदा विचार करता येतो. कमरच अरुंद असेल तर थांबा. तिच्या मुलींकडेही तशी कमर आली असेल. दुसरं सिझेरियन झालं तर त्याच भुलीत नसबंदी करून घ्या. शेवंतीला मी पुन्हा गाभण राहू दिलं नाही. ती तेरा वर्षं जगली.

20. विकलेलं पिल्लू दोन वर्षांनी परत घ्या म्हणतात. घ्यायचं का?

हो, कारण न विचारता. पिल्लू देताना करारात पहिली ओळ हीच लिहा: नको झालं तर रस्त्यावर किंवा तिसऱ्याला नाही, आमच्याकडे. त्यासाठी घरात एक पिंजरा आणि एक कोपरा कायम रिकामा ठेवावा लागतो. तेवढी जागा नसेल तर अजून जोडी लावू नका.